चवदार तळे नगरपालिकेचे होते, हे विसरू नका!

नळ, उद्यान, अभ्यासिका, शौचालय, पथदिवे हे आंबेडकरी चळवळीचे विषय आहेत असे म्हटले की आपल्यातलेच काही कार्यकर्ते नाक मुरडतात. 'ही कामे नगरसेवकाची. चळवळीने विचारांवर बोलावे,' असे ते ऐकवतात. या मंडळींना आमचा एकच प्रश्न आहे. महाडचा समतासंगर कोणत्या जागेवरून पेटला? ती जागा देऊळ नव्हती, राजवाडा नव्हता. ती जागा म्हणजे नगरपालिकेच्या ताब्यातले एक तळे होते. आजच्या भाषेत बोलायचे तर तो एका छोट्या शहरातल्या सार्वजनिक सुविधेचा प्रश्न होता. बाबासाहेबांना त्या तळ्याच्या पाण्यात संपूर्ण समाजक्रांती दिसली आणि आपल्या विद्वानांना नळात फक्त नळ दिसतो!

२०२७ साली महाडच्या सत्याग्रहाला शंभर वर्षे पूर्ण होत आहेत. शताब्दी म्हटली की रोषणाई येणार, कमानी येणार, मंत्र्यांची भाषणे येणार. अभिवादनाला आमचा विरोध नाही. पण अभिवादन करताना त्या लढ्याचा कागदोपत्री भागही एकदा नीट वाचावा, एवढीच आमची मागणी आहे. कारण आजच्या शहरातल्या लढाईचा नकाशा नेमका त्याच भागात आहे.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलमध्ये सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा त्याचा आशय होता. त्याला अनुसरून जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने आपल्या अखत्यारीतले तळे खुले केल्याचा ठराव केला. त्या वेळी सुरेंद्रनाथ टिपणीस नगरपालिकेचे अध्यक्ष होते. म्हणजे कायदे कौन्सिलचा ठराव होता, नगरपालिकेचाही ठराव होता. मग पाणी मिळाले का? तीन वर्षे तो कागद दप्तरात पडून राहिला आणि तळ्यावर पहारा जातीचाच राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो माणसांसह तळ्यावर गेले आणि त्या कागदाची अंमलबजावणी त्यांनी स्वतः केली.

पुढे काय झाले तेही लक्षात ठेवा. सनातन्यांनी परिषदेहून परतणाऱ्या लोकांवर हल्ले केले, गोमूत्र-शेण ओतून तळ्याचे 'शुद्धीकरण' केले. आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी, म्हणजे बोले ठरावाला बरोबर चार वर्षे झाली त्या दिवशी, नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला! डिसेंबरमध्ये दुसरी परिषद भरण्याच्या तोंडावर काही सवर्ण कोर्टात गेले. त्यांनी काय दावा केला? तळे सार्वजनिक नाहीच, ते खासगी आहे, असा! जनावरे पाणी पीत होती, इतर धर्मांचे लोक पाणी भरत होते, तोवर कोणाला त्याची मालकी आठवली नाही. आमच्या माणसांनी ओंजळ भरली आणि तळे एका रात्रीत खासगी झाले. तो दावा बाबासाहेबांनी दहा वर्षे लढवला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सनातन्यांचे अपील फेटाळले.

या इतिहासातून आम्हाला तीन गोष्टी दिसतात. ठराव म्हणजे पाणी नव्हे, ही पहिली. दुर्बळ माणूस हक्क सांगायला आला की 'सार्वजनिक' गोष्ट अचानक 'खासगी' होते, ही दुसरी. आणि तिसरी गोष्ट म्हणजे लढाई तळ्याच्या पायऱ्यांवर जितकी लढावी लागते तितकीच दप्तरात आणि कोर्टातही लढावी लागते. आपण पायऱ्यांवरची लढाई डोक्यावर घेतली आणि दप्तरातली विसरलो.

आता आपापल्या शहराकडे पाहा. लाख-दीड लाख वस्तीचे कोणतेही शहर घ्या. शहराच्या नकाशावर आपली वस्ती कोठे आहे? बहुतेक ठिकाणी नाल्याच्या कडेला, कचरा डेपोच्या वाऱ्यात, रेल्वेच्या पलीकडे, किंवा जलवाहिनीच्या अगदी शेवटच्या टोकाला. टाकीजवळच्या कॉलनीत पाणी जोराने येते. पुढे कोणी लाइनवर मोटारी लावतात आणि टोकाच्या घरात नळ नुसता फुसफुसतो. तेथे पाणी किती वाजता येणार आणि किती मिनिटे राहणार, हे व्हॉल्व्हमनच्या चावीवर आणि त्या चावीवर ज्याचा दाब आहे त्याच्यावर ठरते. ठरावात मात्र सर्व प्रभागांना 'समान पाणीपुरवठा' झालेला असतो! १९२४ च्या महाडमध्ये आणि या शहरात नेमका फरक काय?

आता उद्यानाचे पाहा. शहराच्या विकास आराखड्यात उद्यान, क्रीडांगण, वाचनालय यांसाठी जमिनी आरक्षित केलेल्या असतात. नकाशावर त्या हिरव्या रंगात शोभून दिसतात. पण महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये कलम १२७ आहे. आराखडा लागू होऊन दहा वर्षे गेली, जमीन संपादित झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतरच्या ठरलेल्या मुदतीतही संपादनाची पावले उचलली नाहीत, तर आरक्षण आपोआप रद्द होते. त्यासाठी नगरपरिषदेने काहीही करावे लागत नाही. काहीही न करणे एवढेच पुरेसे असते! नोटीस येते, फाईल टेबलाखाली जाते, मुदत संपते आणि आपल्या मुलांचे मैदान बिल्डरचा प्लॉट होते. १९२७ मध्ये सार्वजनिक तळे खासगी ठरवण्यासाठी सनातन्यांना कोर्टात जावे लागले होते. आता तेवढे कष्टही उरले नाहीत. गोमूत्राची घागर नको, लाठी नको, फक्त एका नोटिशीला उत्तर द्यायचे नाही.

यावर लगेच प्रतिवाद येतो. 'आज उद्यानाच्या दारात कोणी जात विचारतो का? मग येथे जात कशाला आणता?' खरे आहे, दारात कोणी विचारत नाही. कारण विचारण्याची गरजच राहिलेली नाही. उद्यान कोठे करायचे हे ठरले तेव्हाच कोण येणार आणि कोण येणार नाही हेही ठरले. ज्या कॉलनीत बंगल्यांना स्वतःची अंगणे आहेत तेथे जॉगिंग ट्रॅक झाला. आणि जेथे दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे राहतात, जेथे मोकळ्या जागेची खरी गरज आहे, तेथे 'जागा उपलब्ध नाही' असा शेरा पडला. त्यात पुन्हा प्रवेशशुल्क. दुपारी उद्यान बंद, म्हणजे धुणीभांडी उरकून घटकाभर टेकायला निघालेल्या बाईला ते कधीच उघडे सापडत नाही. आत महिलांसाठी शौचालय नाही. पहारेकरी पायजमा-चपलेकडे पाहून 'काय काम आहे?' असे विचारतो. जात शब्दाने विचारली नाही म्हणून ती प्रश्नात नव्हती असे होत नाही.

भारतीय संविधानाचा अनुच्छेद १५(२) या दृष्टीने पुन्हा वाचा. दुकाने आणि उपाहारगृहे यांच्या जोडीला विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक वावराची ठिकाणे यांचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. शासनाच्या पैशातून पूर्णतः किंवा अंशतः चालणाऱ्या अशा ठिकाणी धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणावरही निर्बंध किंवा अट लादता येणार नाही, असे तो सांगतो. या यादीत चवदार तळ्याचे पाणी मुरलेले आहे. ज्या माणसाला एका तळ्यासाठी दहा वर्षे कोर्टात उभे राहावे लागले, तो माणूस पुढे मसुदा समितीचा अध्यक्ष झाला हा योगायोग म्हणून सोडून देण्यासारखी गोष्ट नाही. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची आली. पाणीपुरवठा, झोपडपट्टी सुधारणा, उद्याने, बागा, क्रीडांगणे, पथदिवे, दुर्बल घटकांच्या हिताचे रक्षण असे अठरा विषय तिने शहराच्या कारभारापुढे ठेवले. म्हणजे उद्यान ही कोणा नगरसेवकाची मेहरबानी नाही. तो संविधानात नोंदवलेला विषय आहे.

पण शहराच्या तिजोरीवर आज कशाची सत्ता आहे? 'सुशोभीकरणा'ची! चौकात कारंजे, दुभाजकात प्लास्टिकची झाडे, शहराच्या नावापुढे लाल बदाम लावलेला सेल्फी पॉइंट, तलावाकाठी रंगीत दिवे. तलावात मात्र गटार सोडलेले. महात्मा फुले १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन याच्या स्वागताच्या थाटमाटावर नगरपालिकेचे पैसे उधळायला त्यांनी विरोध केला. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, अशी त्यांची भूमिका होती. मंडईच्या खर्चिक इमारतीलाही त्यांनी विरोधच केला. आज त्या मंडईला त्यांचेच नाव आहे, हा काळाने घेतलेला सूड म्हणावा की सन्मान? पण मुद्दा असा की नगरपालिकेचा खर्च कोणासाठी, हा प्रश्न सभागृहात उभे राहून विचारणे ही आपली परंपरा आहे. १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला करणारा माणूस सभागृहात वेगळा प्रश्न विचारणार तरी कसा? आज आपल्या किती नगरसेवकांनी कारंज्याच्या ठरावाविरुद्ध हात वर केला आहे? बहुतेकांचा हात टक्केवारीसाठीच वर जातो, हे बोलायला आम्हाला संकोच वाटत नाही.

आता एक कडू गोष्ट. निवडणूक जवळ आली की आपल्या वस्तीला काय मिळते? एक कमान, एक समाजमंदिर, जयंतीची वर्गणी. शेजारच्या वस्तीलाही त्यांच्या जातीचे समाजमंदिर मिळते, त्यापलीकडच्या वस्तीला त्यांचे सभागृह मिळते. प्रत्येक जातीला तिचा तुकडा देऊन झाला की शहराचे असे काही उरतच नाही. सर्वांचे वाचनालय नाही, सर्वांचे मैदान नाही, सर्वांची बाग नाही. या वाटणीला 'सर्वसमावेशक विकास' म्हणतात! बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिभेद निर्मूलन' या भाषणात जातीने सार्वजनिक वृत्ती मारून टाकली, माणसाची निष्ठा जातीच्या कुंपणात कोंडली, असे निदान केले होते. जातवार समाजमंदिरांचे राजकारण हे त्या कुंपणावर सिमेंटचा गिलावा देण्याचे काम आहे. बुद्धविहार आपला श्वास आहे. तेथे वंदना होते, लग्ने लागतात, स्पर्धा परीक्षेची पोरे रात्रभर अभ्यास करतात. पण विहारात अभ्यास होतो म्हणून नगरपरिषदेची अभ्यासिका मागायची नाही काय? आपण आपल्या घामाच्या पैशाने उभे केले त्याचा आधार घेऊन शहराने आपली जबाबदारी झटकावी, हे आम्हाला मान्य नाही.

तसेच दलित वस्ती सुधार निधीचे. 'तुम्हाला वेगळा निधी मिळतो ना, मग सर्वसाधारण निधीत वाटा कशाला?' हा युक्तिवाद अनेक अभियंते आणि पुढारी सर्रास करतात. हा युक्तिवाद म्हणजे वेगळा पाणवठा बांधून देण्याचाच नवा प्रकार आहे. विशेष निधी हा शतकांची तूट भरून काढण्यासाठी आहे. तो सर्वसाधारण निधीच्या वर द्यायचा असतो, त्याच्या बदल्यात नाही. आपली माणसे घरपट्टी भरतात, पाणीपट्टी भरतात, बाजारात दर वस्तूवर कर भरतात. शहराच्या सामाईक तिजोरीत त्यांचा पैसा चालतो, मग सामाईक सुविधेत त्यांचा प्रभाग का चालत नाही? आणि वस्तीच्या नावाने आलेला निधी वस्तीच्या हद्दीबाहेरच्या रस्त्यावर तर खर्च होत नाही ना, हे कोण तपासणार? ज्याची वस्ती आहे त्यानेच तपासले पाहिजे.

आणि ही बाग, हे रस्ते, ही गटारे साफ कोण करते? ठेकेदाराच्या हजेरीपत्रकावर, हातमोज्याविना, गमबुटाविना काम करणारी माणसे कोणत्या समाजातून येतात हे शहरात प्रत्येकाला ठाऊक आहे. हाताने मैला साफ करण्याच्या कामास बंदी करणारा कायदा २०१३ साली झाला. गटारात मृत्यू झाल्यास कुटुंबाला तीस लाख रुपये भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितले. म्हणजे कायद्यानंतर दहा वर्षांनीही न्यायालयाला मरणाचा आकडा ठरवावा लागला! बाबासाहेबांनी मुंबईत म्युनिसिपल कामगार संघ उभा केला, तो उगीच नव्हे. शहराची स्वच्छता आणि सफाई कामगाराची इज्जत हे एकाच प्रश्नाचे दोन भाग आहेत. 'स्वच्छ शहरा'चा पुरस्कार स्वीकारताना व्यासपीठावर मुख्याधिकारी असतो, नगराध्यक्ष असतो. झाडूवाली बाई कोठे असते? तिला त्या उद्यानातल्या बाकावर बसून डबा खाताना कोणी हटकले नाही, तरच ते उद्यान सार्वजनिक आहे असे आम्ही मानू.

छोट्या शहरातल्या नागरिकाची आणखी एक कोंडी आहे. गावात निदान ग्रामसभा आहे, उभे राहून सरपंचाला प्रश्न विचारता येतो. तीन लाखांपेक्षा कमी लोकसंख्येच्या शहराला प्रभाग समितीचेही घटनात्मक बंधन नाही. त्यातच गेली काही वर्षे महाराष्ट्रात नगरपरिषदांवर प्रशासक बसलेले होते. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये आदेश दिल्यानंतर कुठे निवडणुकांची चाके हलली. जेथे निवडलेले सभागृहच नव्हते तेथे ठराव कोणी केले, निविदा कोणी काढल्या, आरक्षणाच्या नोटिशींचे काय झाले? हा सगळा काळ खोदून काढण्यासारखा आहे.

म्हणून आंबेडकरी तरुणांना आमचे सांगणे आहे. मोर्चा काढाच, पण मोर्च्याच्या आधी कागद हातात घ्या. आपल्या शहराचा विकास आराखडा मिळवा आणि त्यातल्या प्रत्येक हिरव्या तुकड्यावर प्रत्यक्ष जाऊन उभे राहा. तेथे बाग आहे, गोडाऊन आहे की कोणाचा बंगला आहे, ते लिहून काढा. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा वापरून कलम १२७ च्या किती नोटिसा आल्या आणि त्यांना काय उत्तर दिले, ते विचारा. अर्थसंकल्पाची प्रत घ्या, प्रभागवार खर्च मांडा आणि तो तक्ता चौकात लावा. पाणी कोणत्या भागात किती मिनिटे येते, याची महिनाभर नोंद ठेवा. या कामात आयाबहिणींना पुढे घ्या. नळाचे वेळापत्रक त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. नवा प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की मुदतीत लेखी हरकती नोंदवा. मुदत टळली की घोषणांचा उपयोग नसतो. आणि हे सगळे फक्त आपल्या वस्तीपुरते करू नका. शेजारची मुस्लिम वस्ती, भटक्यांची पाले, मातंग वाडा, कामगारांच्या चाळी यांनाही त्याच तक्त्यात घ्या. पाण्याच्या टोकाला राहणारे आपण एकटे नाही.

कोणी म्हणेल, हे कारकुनी काम झाले, यात क्रांती कुठे आहे? पण चवदार तळ्याच्या दाव्यातले दहा वर्षांचे कागद कारकुनी होते काय? बाबासाहेबांनी महाडला सांगितलेच होते की आपण केवळ पाण्यासाठी आलेलो नाही, आपणही इतरांसारखी माणसे आहोत हे सिद्ध करायला आलो आहोत. शहराच्या बागेत, वाचनालयात, नळावर, स्मशानात हीच गोष्ट रोज सिद्ध करावी लागते. ज्या ठिकाणी कोणाचीही मुले कोणाच्याही मुलांबरोबर घसरगुंडीच्या रांगेत उभी राहतात, त्या ठिकाणी जात रोज थोडी झिजते. म्हणूनच जातीला मैदान नको असते, कुंपण हवे असते.

शताब्दीला महाडला जरूर जा, ओंजळीत पाणी घ्या. पण परत येताना आपल्या शहरातल्या एका तरी बंद फाटकाची, एका तरी कोरड्या नळाची, एका तरी गिळलेल्या मैदानाची फाईल उघडायचा निश्चय करून या. ठराव शंभर वर्षांपूर्वीच झाला आहे. अंमलबजावणी तेव्हाही आपणच केली होती, आताही आपल्यालाच करायची आहे.

जय भीम!